ओढ्यावरचे शनिवार

नोव्हाय, मिशिगन
फेब्रुवारी, तारीख पाकिटावर दिसेलच

प्रिय आश्लेषा,

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला नुसता अंगठा दाखवतेस, म्हणून शेवटी कागद पुढे ओढला. पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी लोकांचे कॉल जोडून देण्यात गेली आणि आता स्वतःचा एक लागत नाही, याची मला मनापासून चीड आली आहे. तेव्हा हे रागावलेल्या बाईचं पत्र आहे, हे आधीच सांगून ठेवते. चहा कर, बैस आणि मग वाच. मध्येच ठेवून दिलंस तर मला कळणार नाही, पण तरी ठेवू नकोस.

इकडची खबरबात अशी, की शंतनूच्या लग्नाची तारीख ठरली. मे महिन्यात, इथेच, मोजक्या माणसांत. मृणालिनीला तू गणपतीच्या कार्यक्रमात लांबून पाहिलं आहेस. मुलगी सरळ आहे, हसरी आहे, माझ्या हातची आमटी मागून घेते. तिच्याबद्दल मी काही वाकडं लिहीन अशी वाट बघत असशील तर निराश होशील. (तू तशी नाहीस, मला ठाऊक आहे. मीच थोडी तशी आहे, म्हणून लिहिलं.) शंतनू बऱ्याच दिवसांनी घरात शीळ घालत फिरतो आणि ती ऐकून मला बरं वाटतं, हे तुला सांगायलाही मला संकोच वाटत नाही. तुम्हा दोघांचं मोडलं त्यात कुणी राक्षस नव्हतं. दोघंही दमला होतात. मी तेव्हाही हेच म्हटलं होतं.

पण त्याच्याशी मोडलं म्हणजे माझ्याशीही मोडलं, हे कुणी ठरवलं? घटस्फोटाला दोन वर्षं होत आली, आपण तर तसं कधी धरलं नाही. जमेल त्या शनिवारी उजाडायच्या आत तुझी गाडी कोपऱ्यावर यायची, मी थर्मास आणि धपाट्यांचा डबा घेऊन आत, आणि मग तीन तास उत्तरेला. वाटेत तू तुझ्या ऑफिसातल्या भानगडी सांगायचीस, मी आमच्या पुण्याच्या सोसायटीतल्या. आणि मग गेल्या महिन्यातल्या त्या शनिवारी, परत येताना, मी सीट गरम करायचं बटण चाचपडत असताना, तू रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालीस, "काकू, मला वाटतं आता आपण हे स्टॉप करू या. मृणालिनीच्या जागी मी असते ना, तर मला हे आवडलं नसतं."

मी काही बोलले नाही. मी काही बोलत नाही असं क्वचितच होतं, म्हणून तुला वाटलं असेल की मला पटलं. पटलं नव्हतं. मी त्या 'काकू'वरच अडकले होते. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू मला आई म्हणत होतीस. मोडल्यावर काही महिने काहीच म्हणाली नाहीस, नुसतं 'ऐकलंत का' आणि 'चहा घेणार का' यावर भागवलंस. मग हळूच काकू सुरू झालं. इथल्या सगळ्याच मुली मला काकू म्हणतात, त्यात वाईट काही नाही. पण तू म्हणतेस तेव्हा शेजारी बसलेल्या माणसानं आपली खुर्ची जराशी लांब सरकवावी तसं मला होतं. आज रागात आहे म्हणून लिहून टाकलं.

तो पहिला शनिवार आठवतो का तुला? शंतनूचे बाबा गेल्यावर मी इथे आले होते आणि तुमच्या घरात पाहुणी की घरची हे माझं मलाच ठरत नव्हतं. तू दर शनिवारी पहाटे एक लांब नळकांडं खांद्याला लावून निघून जायचीस. शंतनू म्हणायचा, फिशिंगला जाते. माझा काही विश्वास बसला नाही. सून थंडीत एकटी मासे मारायला जाते, हे कुठल्या घरात ऐकलंय? म्हणून एकदा मी हट्टानं बरोबर आले. खरं सांगायचं तर तुझ्यावर पाळत ठेवायला आले. येताना पिशवीत काय होतं ते तुला मी सांगितलं नव्हतं.

माझं आजोळ कोकणातलं, हे तुला माहीत आहे. तिथे देवळाखाली नदीला एक कोंड आहे, खोल पाण्याची. त्यातले मासे देवाचे. त्यांना कुणी धरत नाही, मारत नाही. काही मागायचं असलं की बायका ओंजळभर चुरमुरे घेऊन पायऱ्या उतरतात, मनात बोलतात आणि चुरमुरे पाण्यावर सोडतात. मासे वर येऊन खाऊन गेले की मागणं पोचलं. माझी आई करायची, मावशी करायची, मीही केलंय. तर मी तुझ्या ओढ्यावर आले ती इंडियन ग्रोसरीतून आणलेली चुरमुऱ्यांची भली मोठी पिशवी कोटाखाली लपवून.

ओढा पाहून मी आधी नाकच मुरडलं होतं. एवढा प्रवास करून यायचं आणि लहान मूल उडी मारून ओलांडेल एवढं पाणी. दोन्ही काठांना गुडघाभर बर्फ, वर सीडरच्या फांद्या, आणि मधून ते काळंभोर पाणी गुपचूप चाललेलं. झरे आहेत म्हणून गोठत नाही, असं तू सांगितलंस. हिवाळ्यातही मासे धरायला परवानगी असलेलं हे थोड्या जागांपैकी एक, हेही सांगितलंस. मग मला घडीच्या खुर्चीत रजईत गुंडाळून बसवलंस आणि तू वाकून, जवळजवळ रांगत, खालच्या वळणावर गेलीस. मासे फार लाजाळू असतात, सावली पडली तरी पळतात, म्हणून हलू नका, असं बजावून. मी हलले नाही. मी फक्त पिशवी फोडली आणि देवाचं नाव घेऊन सगळेच्या सगळे चुरमुरे पाण्यात ओतले.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला लिहायचंय. पांढरे चुरमुरे काळ्या पाण्यावरून पसरत, गोल फिरत, वळणावर गेले आणि तुझ्या गळाच्या दोरीला, तुझ्या बुटांना, काठच्या बर्फाला चिकटले. अर्धा तास बर्फात गुडघे टेकून तू ज्या माशावर डोळा ठेवून बसली होतीस तो कुठल्या कुठे गेला. तू वळून बघितलंस. मला वाटलं, आता ही मला इथेच सोडून जाणार. आणि तू हसायला लागलीस. अगं, तसं हसताना मी तुला आधी पाहिलंच नव्हतं. काठाशी उठून उभी राहून, पोट धरून. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की तुमच्या घरात राहायला येऊन मला एवढे दिवस झाले आणि ही मुलगी घरात एकदाही हसलेली नाही.

मग मासा उचलायची ती जाळी घेऊन तू चुरमुरे गोळा करायला लागलीस, कारण ओढ्यात भलतंसलतं सोडायचं नसतं. मीही काठाला वाकले. आणि हसू ओसरल्यावर तू सहज विचारलंस, एवढं काय मागितलंत माशांकडे? मी खरं तेच सांगितलं. नातवंड मागितलं, म्हटलं. माझ्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. तू जाळी झटकत होतीस, ती झटकायची थांबलीस. "आई, ते आता होणार नाही. डॉक्टरांनी गेल्या महिन्यातच क्लिअर सांगितलं. शंतनूनं तुम्हाला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. दोन वेळा दिवस राहून गर्भ गेला, तेही सांगितलं नव्हतं. ते तू त्या बर्फात उभी राहून सांगितलंस, आणि दुसऱ्या वेळेनंतर ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या सहकाऱ्यानं तुला ही गळाची काठी कशी हातात दिली, तेही. इथे कुणी काही विचारत नाही म्हणून मी इथे येते, असं तू म्हणालीस. मला नातवंडाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पण त्याहून जास्त वाईट याचं वाटलं, की एवढं सगळं होऊन तू रोज सकाळी मला विचारायचीस, आई, पोहे करू की उपमा. त्या दिवशी ओढ्यावर मात्र आपण दोघी वाकून उरलेले चुरमुरे काढत राहिलो.

पुढच्या शनिवारी मी विचारलंही नाही, सरळ गाडीत येऊन बसले. तूही विचारलं नाहीस. तेव्हापासून मी तुझ्याशी भांडत आले, की धरून सोडायचाच असेल तर मासा धरायचा कशाला? आमच्या कोंडीत धरत नाहीत, कोळीवाड्यात धरतात ते खायला आणि विकायला. धरायचा, बघायचा, सोडायचा, हा तिसरा प्रकार माझ्या बुद्धीच्या बाहेरचा. तू म्हणालीस, तो इथे आहे एवढंच एकदा बघायचं असतं. तेव्हा मला ते तुमच्या पिढीचं काहीतरी फॅड वाटलं. मग तू पहिला मासा माझ्यासमोर जाळीत आणलास. तळहाताएवढा. पाठीवर किडे वळवळल्यासारखी नक्षी, अंगावर निळ्या वर्तुळात लाल ठिपके, पोट केशरी, आणि पोटाखालच्या परांना ब्लाउजच्या कडेला लावतात तशी पांढरी पायपिंग. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. त्यानंतर मी त्या विषयावर भांडले ते फक्त सवयीनं.

गळ बांधायला मात्र मी तुझ्याकडून शिकले आणि दोन महिन्यांत तुझ्यापेक्षा बरा बांधायला लागले, हे तू कबूल केलेलं आहेस. पिसं आणि दोरा गुंडाळून बारीक आकड्याची खोटी माशी करायची, आकड्याचं उलटं टोक पकडीनं दाबून टाकायचं, म्हणजे माशाच्या ओठातून सहज सुटतो. थंडीत काठीच्या कड्यांत बर्फ धरतो म्हणून तू ओठांचं मलम लावतेस, मी खोबरेल लावून पाहिलं आणि ते तिथेच दगडासारखं गोठलं, त्याचा उल्लेख तू चारचौघांत करतेस, ते मला आवडत नाही. तू माझ्या नावाचं फिशिंग लायसन्स काढलंस तेव्हा शंतनू म्हणाला होता, आई, ड्रायव्हिंगचं मिळालं नाही आणि हे मिळालं. तुमचं तेव्हा मोडून गेलं होतं. तरी तो ते हसत म्हणाला होता, आणि लायसन्स त्यानंच फ्रिजवर लावलं.

आता जानेवारीतला तो शनिवार. दुपारी ऊन आलं तेव्हा तू मला पडलेल्या ओंडक्यामागच्या डोहाशी उभं केलंस आणि स्वतः मागे सरलीस. फेकायला जागाच नव्हती, नुसती काठी पुढे करून माशी पाण्यावर ठेवायची आणि तळाशी घरंगळू द्यायची. कितीदा ठेवली त्याची गणती नाही. बोटं बधिर झाली होती. आणि मग दोरी थबकली. मला वाटलं काटकी अडकली. काटकीनं डोकं हलवलं. आश्लेषा, माझ्या या वयात अंगातून असं काही सरकेल असं मला वाटलं नव्हतं. तू ओरडली नाहीस, धावली नाहीस, फक्त हळू आवाजात हात ओला करा म्हणालीस. एवढ्या थंडीत माशाला हवेत उचलायचं नाही, त्याचे कल्ले गोठतात, म्हणून मी पाण्यातच हात घालून त्याला धरलं. म्हणजे धरलंही नाही, नुसता आधार दिला. प्रवाहाकडे तोंड करून. "ढकलू नका. तो रेडी झाला की जाईल," असं तू म्हणालीस. तो बराच वेळ माझ्या हातात श्वास घेत थांबला आणि गेला.

आणि त्याच दिवशी, परतीच्या वाटेवर, तू मला सोडून द्यायला निघालीस. तितक्याच हळुवारपणे, ढकलल्यासारखं वाटू नये म्हणून. तुझ्या मनात काय होतं ते मी ओळखलं. म्हातारीला आज तिचा मासा मिळाला, आनंदात आहे, आता थांबलं तर बरं. अगं पण मी मासा नाही. मला प्रवाहाकडे तोंड करून धरायची काही गरज नाही. मी तुझ्या गाडीत माझ्या पायांनी येऊन बसले होते आणि जायचं असेल तर तशीच उतरून गेले असते. कुणाच्या भल्यासाठी म्हणून माणसं परस्पर एकमेकांना सोडून देतात, त्याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. तू आणि शंतनूही तेच करत बसला होतात.

तरी तुझं बोलणं मी सोडून दिलं नाही. तू मृणालिनीचं नाव घेतलंस, म्हणून मी मृणालिनीलाच विचारलं. ती रविवारी आली होती, आम्ही मटार सोलत होतो. मी आडवळण न घेता सगळं सांगितलं, ओढा, शनिवार, तू. तिनं हातातली शेंग सोलून दाणे पातेल्यात टाकले. मग म्हणाली, "खरं सांगू? मला ऑड वाटेल. राग नाही येणार, पण या घरात तुम्ही तिच्या गाडीची वाट बघत उभ्या आहात, हे मला दर वेळी नॉर्मलपणे नाही घेता येणार." मला तिचं बोलणं आवडलं. गोड हसून 'जा ना, काही प्रॉब्लेम नाही' असं म्हणाली असती तर मी तिच्यावर कायमचा संशय घेतला असता.

म्हणजे तुझं बरोबर निघालं, असं तुला वाटेल. अर्धंच बरोबर निघालं. ते घर आता तिचं होणार, तिथे तिला मोकळं वाटलं पाहिजे, हे मला मान्य. पण मग चूक शनिवारात नाही, माझ्या पत्त्यात आहे. एवढं डोक्यात आल्यावर पुढचं सोपं होतं. लायब्ररीच्या मागे ती सीनिअर लोकांची इमारत आहे ना, तिथे मी दुसऱ्या मजल्यावर एका बेडरूमची जागा घेतली. खाली तळं आहे, त्यावर भांडखोर बदकं आहेत, शेजारी एक गुजराथी जोडपं आहे, त्यातल्या बाईला कानानं कमी ऐकू येतं म्हणून आमचं छान जमणार. माझी पेन्शन आहे आणि शंतनूच्या बाबांनी मागे ठेवलेलं आहे, तेव्हा त्या बाजूची काळजी तू करायची नाहीस.

शंतनूला सांगितलं तेव्हा मात्र घरात वादळ झालं. तो चिडला, मग रडवेला झाला, मग पुन्हा चिडला. लोक म्हणतील मुलानं आईला घराबाहेर काढलं, असं म्हणाला. मी म्हटलं, लोकांना मी सांगेन की आईनं मुलाला घराबाहेर काढलं. त्याला हसू आलं, पण दाखवलं नाही. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून परस्पर जागा बघायला आला. धुराचा अलार्म तपासला, गळका नळ घट्ट केला, खिडक्या उघडून बंद केल्या. मग रिकाम्या हॉलमध्ये खाली बसून राहिला आणि हे आश्लेषासाठी का, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, माझ्यासाठी. निघताना दारात बूट घालत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला विचार, टायर विंटरचे आहेत ना. हायवेवर बर्फ असतो." तेव्हा त्याची काळजी तू सोड. त्याला तुझं आणि माझं सगळं समजतं, फक्त बोलायचं कसं ते समजत नाही. त्यात तो त्याच्या बाबांवर गेला आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू उचलला असतास तरीही मी हे पत्र पाठवणारच होते. पाकिटाच्या तळाशी, कापसात गुंडाळून, एक किल्ली आहे. इमारतीच्या ऑफिसनं जागेच्या दोन किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, दुसरी अशा माणसाकडे ठेवा, जे एखाद्या सकाळी तुम्ही दार उघडलं नाही तर विचार न करता आत येईल. शंतनूनं गृहीत धरून हात पुढे केला होता. त्याला मी म्हटलं, तू बेल वाजवत जा, तुझा संसार नवा आहे. दुसरी किल्ली कुणाकडे जाणार हे मला ठरवावंच लागलं नाही, आणि ते ठरवावं लागलं नाही हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी त्या रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून थोडी रडले. मला तुझ्यावाचून करमत नाही, आश्लेषा. मार्चच्या पहिल्या शनिवारी मी तिथे राहायला गेलेली असेन. उजाडायच्या आत ये. खाली गाडीत थांबू नकोस, फोन करू नकोस आणि पाहुण्यासारखी बेल तर मुळीच वाजवू नकोस, मी उघडणार नाही. किल्लीनं दार उघड आणि आत ये.

तुझीच,
अहिल्या